डॉबल आणि सेट: पत्त्यांच्या दोन डब्यांतलं गणित, आणि घ्यायचा तर कोणता

डॉबलच्या गोल डब्यात ५५ पत्ते असतात, प्रत्येकावर आठ चित्रं, आणि कुठलेही दोन पत्ते उचलले तरी त्यांच्यात नेमकं एक चित्र सामाईक निघतं. सेटच्या गड्डीत ८१ पत्ते असतात, आणि कुठलेही दोन उचलले तर त्यांच्यासोबत ‘सेट’, म्हणजे नियमाने जुळणारं त्रिकूट, पुरा करणारा तिसरा पत्ता नेमका एकच असतो. दोन्ही दाव्यांच्या मुळाशी शाळेतलंच एक विधान आहे: दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. फरक इतकाच की इथली भूमिती सांत आहे, बिंदू बोटांवर मोजता येतील इतके.

खेळायला बसलं की मात्र दोघांची जात वेगळी. डॉबलचं गणित छापायच्या आधीच उरकलेलं असतं, खेळणाऱ्याला फक्त तेज नजर लागते. सेटमध्ये ते प्रत्येक डावात स्वतःच्या डोक्याने करावं लागतं. म्हणून गणितासाठी एकच डबा घ्यायचा असेल तर सेट घ्यावा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. डॉबल घेतला तर तो खेळण्याआधी एकदा मोजून बघावा, कारण त्याची खरी मजा मोजण्यातच आहे.

आधी डॉबल. उत्तर अमेरिकेत हाच खेळ ‘स्पॉट इट’ या नावाने विकला जातो. डब्यात पाच छोट्या खेळांचे नियम येतात, पण सगळ्यांचा गाभा एक: दोन पत्त्यांतलं सामाईक चित्र इतरांच्या आधी ओरडून सांगायचं. ‘मनोरा’ आणि ‘विहीर’ हे दोन पुरेसे आहेत. मनोऱ्यात मधल्या थप्पीवरचे पत्ते जिंकून आपल्या पत्त्यावर रचायचे, विहिरीत हातातले पत्ते मधे टाकून आधी मोकळं व्हायचं. बाकीचे तीन यांचीच रूपं. एकेक चित्र वेगवेगळ्या पत्त्यांवर लहानमोठं आणि तिरपं छापलेलं असल्यामुळे नजर फसते. एका जोडीत जास्तीत जास्त ६४ तुलना कराव्या लागतात, त्या डोळा कसा करतो एवढाच काय तो कौशल्याचा भाग. ‘यांच्यात काहीच जुळत नाही’ अशी तक्रार हमखास ऐकू येते, आणि अस्सल गड्डीत ती नेहमी चुकीची असते.

चित्रांना बिंदू समजा आणि पत्त्यांना रेषा. कुठल्याही दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, समांतर रेषा नाहीतच, अशा रचनेला प्रक्षेपी प्रतल म्हणतात. एका रेषेवर आठ बिंदू असतील तर त्या प्रतलाची कोटी सात, म्हणजे आठातून एक कमी. बिंदू आणि रेषा दोन्हींची संख्या कोटीचा वर्ग अधिक कोटी अधिक एक: ४९ अधिक ७ अधिक १, म्हणजे ५७. चित्रं खरोखर ५७ आहेत. पत्तेही ५७ होऊ शकले असते, डब्यात ५५ आहेत. दोन कमी.

हे दोन गायब पत्ते हुडकून काढणं हा डॉबलमधला सगळ्यात चांगला खेळ आहे, आणि तो नियमांच्या कागदावर नाही. पूर्ण गड्डीत प्रत्येक चित्र आठ वेळा आलं असतं. आता ५५ पत्त्यांवर मिळून ४४० जागा आहेत. मूळ आवृत्तीत कागदावर प्रत्येक चित्रासमोर काड्या मांडत गेलात तर ४२ चित्रं आठ वेळा, १४ चित्रं सात वेळा आणि एकच चित्र सहा वेळा भरतं. ते बर्फाच्या बाहुल्याचं. सहा वेळा आलेलं चित्र दोन्ही गायब पत्त्यांवर असणार, आणि सात वेळा आलेली चौदा चित्रं सात-सात करून त्या दोघांवर वाटलेली असणार.

वाटणी कशी ओळखायची? चौदांपैकी कुठलंही एक चित्र घ्या. त्याचे सातही पत्ते समोर मांडा आणि उरलेल्या तेरा चित्रांपैकी कुठली या सात पत्त्यांवर दिसतात ते बघा. सात दिसतील, सहा दिसणार नाहीत. न दिसणारी सहा ही त्याच्याच पत्त्यावरची सोबती, कारण त्यांना एकत्र आणणारा एकमेव पत्ता छापलेलाच नाही. एक चित्र, त्याचे सहा सोबती आणि बाहुला मिळून आठ झाले: पहिला गायब पत्ता. उरलेली सात आणि बाहुला हा दुसरा. दोन कोरे पुठ्ठे गोल कापून ही चित्रं काढली की गड्डी खरी पूर्ण होते.

या गायब पत्त्यांचा खेळावरही किंचित परिणाम होतो. ५५ पत्त्यांच्या १४८५ जोड्या होतात. आठ वेळा आलेलं चित्र त्यांपैकी २८ जोड्यांचं उत्तर असतं, सात वेळा आलेलं २१, आणि बाहुला फक्त १५ जोड्यांचं. म्हणजे बाहुला शोधण्यात पहिला अर्धा सेकंद घालवणं तोट्याचं. मोठा फायदा नव्हे, पण पत्ते न मोजणाऱ्यांना हे माहीत नसतं.

एखादा पत्ता हरवला तर? डॉबलचं काहीही बिघडत नाही, उरलेल्यांत प्रत्येक जोडी जुळतेच. लहान मुलांच्या हाती द्यायच्या खेळात हा गुण मोलाचा आहे. नकली किंवा घरी छापलेल्या गड्डीत मात्र चुका सापडतात: दोन पत्त्यांत दोन चित्रं जुळतात किंवा एकही नाही. १४८५ जोड्या तपासत बसू नका. एखादं चित्र असलेले सगळे पत्ते एकत्र काढा. त्या ढिगात ते चित्र सोडून दुसरं कुठलंही चित्र दोनदा दिसलं तर गड्डी सदोष. पाच-सहा चित्रांनी हे करून पाहिलं की बहुतेक घोटाळे बाहेर पडतात. पक्की खात्री हवी तर सगळ्याच चित्रांनी करा.

स्वतःची गड्डी बनवायची असेल तर अनेकजण चौकोनी जाळीपासून सुरुवात करतात आणि नको तिथे अडकतात. पद्धत अशी: एका पत्त्यावर पाच चित्रं हवी असतील तर सोळा चित्रं चार गुणिले चार अशा जाळीत मांडायची, प्रत्येक स्तंभात एक घर पुढे सरकताना ठरावीक ओळी खाली उतरायचं, तळ आला की पुन्हा वरून मोजायचं, आणि प्रत्येक उताराला एक जादा चित्र द्यायचं. कोटी मूळ संख्या असेल, म्हणजे २, ३, ५, ७, तर हे बिनचूक चालतं. चारला कोसळतं. शून्य उताराची पहिली ओळ आणि दोन उताराची, तिथूनच निघणारी रेषा घ्या. दुसरीच्या ओळी पहिली, तिसरी, पहिली, तिसरी अशा येतात, त्यामुळे दोघी एक सोडून दोन घरांत भेटतात. आणि शून्य उताराची दुसरी ओळ घेतली तर ती या रेषेला कुठेच भेटत नाही. दोष चाराने भाग देऊन बाकी घेण्यात आहे: तिथे दोन दुणे शून्य होतं.

यावर सोपा तोडगा चक्राचा. डॉबलसाठी चित्रांना ० ते ५६ क्रमांक द्या. पहिल्या पत्त्यावर ०, १, ३, १३, ३२, ३६, ४३, ५२ ही चित्रं टाका. पुढच्या प्रत्येक पत्त्यासाठी सगळ्यांत एक मिळवा आणि ५७ आला की तिथे ० लिहा. दुसरा पत्ता १, २, ४, १४, ३३, ३७, ४४, ५३. पहिल्याशी त्याचं फक्त १ हे चित्र जुळतं. सत्तावन्न पत्ते होईपर्यंत चालू ठेवायचं, संपलं. हे का चालतं? त्या आठ आकड्यांतल्या दोन-दोनांची वजाबाकी, ५७च्या चक्रावर मोजली तर, १ ते ५६ मधली प्रत्येक संख्या नेमकी एकदा देते. एक पत्ता दुसऱ्यापासून कितीही घरं सरकलेला असो, त्या अंतराची जोडी पहिल्या पत्त्यात एकच असते, म्हणून जुळणीही एकच. पाच चित्रांच्या पत्त्यांसाठी २१चं चक्र आणि ०, १, ४, १४, १६ हे आकडे घ्या. जाळीने जिथे दगा दिला तिथे हे चालतं. सहा चित्रांसाठी ३१चं चक्र आणि ०, १, ३, ८, १२, १८. चार चित्रांसाठी १३चं चक्र, ०, १, ३, ९. चार वर्षांच्या मुलांना तेरा पत्ते पुष्कळ झाले.

सात चित्रांच्या मागे लागू नका. त्याला कोटी सहाचं प्रतल लागतं, ४३ पत्त्यांचं, आणि ते अस्तित्वातच नाही. गास्तों तारी यांनी १९००च्या सुमारास ३६ अधिकाऱ्यांचं ऑयलरचं कोडं (सहा पलटणींचे सहा हुद्द्यांचे अधिकारी सहा गुणिले सहाच्या चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल) सुटत नाही हे दाखवलं, आणि राज चंद्र बोस यांनी १९३८मध्ये लॅटिन चौरस (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारे चौकोन) आणि प्रक्षेपी प्रतलं यांचा सांधा जुळवला. दोन्ही एकत्र ठेवले की सात चित्रांची पूर्ण गड्डी बाद होते. कोटी दहा, म्हणजे पत्त्यावर अकरा चित्रं, हेही अशक्य. ते ठरवायला मात्र संगणकावरचा प्रचंड हिशेब लागला आणि उत्तर १९८९मध्ये आलं. कोटी बाराचं प्रतल आहे की नाही हे अजून कुणालाही ठाऊक नाही.

डॉबलचा पूर्वजही सहा चित्रांचाच होता: फ्रान्समध्ये झाक कोत्तेरो यांनी १९७६मध्ये केलेला किड्यांच्या चित्रांचा ३१ पत्त्यांचा खेळ. त्यावरून दनी ब्लांशो यांनी डॉबल घडवला आणि तो २००९मध्ये बाजारात आला. मुलांच्या आवृत्तीत प्रत्येकी सहा प्राणी असलेले ३० पत्ते असतात, म्हणजे तिथेही एक पत्ता गाळलेलाच. शोधायला तो मोठ्या डब्यापेक्षा सोपा: पाच वेळाच आलेली सहा चित्रं एकत्र ठेवली की झालं.

वस्तू म्हणून डॉबलचा डबा छान आणि खिशात मावणारा आहे. पत्ते गोल असल्यामुळे नीट पिसता मात्र येत नाहीत. टेबलावर पसरून दोन्ही हातांनी कालवणं हाच उपाय. गणिती खोली एकदा उपसली की खेळ म्हणून तो उथळ आहे, विसाव्या डावाला पहिल्या डावापेक्षा वेगळं काही घडत नाही.

सेटचं तसं नाही. इथे प्रत्येक पत्त्याला चार गुण: आकृत्यांची संख्या (एक, दोन, तीन), रंग (लाल, हिरवा, जांभळा), आकार (चौकट, लंबगोल, नागमोडी) आणि भरण (भरीव, रेघांचं, पोकळ). तीन पर्यायांचे चार गुण, म्हणून ८१ पत्ते. तीन पत्ते सेट तेव्हाच होतात जेव्हा प्रत्येक गुणात ते तिघेही सारखे किंवा तिघेही वेगळे असतात. नवखे इथे एकच चूक पुन्हा पुन्हा करतात: एका गुणात दोघं सारखे आणि तिसरा वेगळा, हे नजरेतून सुटतं. तपासताना चारही गुण मोठ्याने उच्चारायला लावावेत. ‘दोघांचं एक, तिसऱ्याचं निराळं’ असं एकदाही म्हणावं लागलं की सेट रद्द.

बारा पत्ते मांडायचे, ज्याला सेट दिसेल त्याने ओरडून उचलायचा, तीन नवे टाकायचे. कुणालाच दिसत नसेल तर आणखी तीन. गड्डीत एकूण १०८० सेट आहेत. त्यांपैकी एकाच गुणात फरक असलेले १०८, दोन गुणांत ३२४, तीन गुणांत ४३२ आणि चारही गुणांत फरक असलेले २१६. नवखे सगळा वेळ एका गुणाच्या फरकाचे सेट शोधतात, कारण ते डोळ्याला सोपे. पण ते दहातला एकच असतात. सगळंच वेगळं असलेले त्यांच्या दुप्पट. सवय लावायची ती दोन पत्त्यांवर बोट ठेवून तिसरा मनात बनवण्याची: लाल आणि हिरवा तर जांभळा, एक आणि एक तर एक. मग टेबलावर तो आहे का एवढंच बघायचं.

बारा पत्त्यांत सरासरी २.७८ सेट निघतात. पहिल्याच वाटपात एकही सेट नसण्याची शक्यता साधारण तिसात एक. पण खेळ पुढे सरकला की ती चौदा-पंधरांत एक इतकी वाढते, कारण सेट उचलले जातात आणि मागे राहिलेले नऊ पत्ते आधीच चाळून झालेले असतात. म्हणून डावाच्या उत्तरार्धात ‘आज दिसतच नाहीये’ असं वाटलं तर दोष नजरेचाच असेल असं नाही.

एकही सेट नसलेले जास्तीत जास्त किती पत्ते मांडता येतात? वीस. एकविसाव्याला सेट अटळ. गंमत अशी की इटालियन गणिती जुझेप्पे पेलेग्रिनो यांनी हे उत्तर १९७१मध्येच सिद्ध केलं होतं, आणि मार्शा फाल्को यांनी कुत्र्यांमधल्या अपस्माराच्या आनुवंशिकतेच्या नोंदी पत्त्यांवर चिन्हांनी मांडता मांडता हा खेळ घडवला तो १९७४मध्ये. चाराऐवजी कितीही गुण घेतले तर ही मर्यादा कशी वाढते हा प्रश्न गणितात अजून उघडा आहे. २०१६मध्ये जॉर्डन एलेनबर्ग आणि डिओन खाइसवाइट यांनी त्यावर मोठी मजल मारली, तीही थोडक्या पानांत.

सेटचं सगळ्यात सुंदर अंग डावाच्या शेवटी दिसतं. संपूर्ण गड्डीत प्रत्येक रंग २७ वेळा, प्रत्येक आकार २७ वेळा. सेट उचलताना एकेका रंगाचा एकेक पत्ता जातो किंवा एकाच रंगाचे तीन. त्यामुळे मागे उरलेल्या पत्त्यांत लाल, हिरवे आणि जांभळे यांची संख्या तिनाने भागली की बाकी सारखीच येते. हेच इतर तीन गुणांना लागू. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली तपासणीची. डाव संपताना नेमके तीन पत्ते उरले तर ते सेट असलेच पाहिजेत. नसतील तर मधे कुणीतरी चुकीचा सेट उचललाय. वादात पंच म्हणून हे उत्तम.

दुसरी जादूची. सुरुवातीला प्रेक्षकाला एक पत्ता काढून न पाहता उपडा ठेवायला सांगा. मग नेहमीसारखं खेळा. शेवटी टेबलावर बहुतेकदा पाच, आठ किंवा अकरा पत्ते उरतील. प्रत्येक गुणासाठी तिन्ही पर्याय मोजा: दोघांची बाकी सारखी येते, तिसऱ्याची एकने कमी. तो तिसरा पर्याय झाकलेल्या पत्त्याचा. समजा आठ पत्ते उरले. लाल ४, हिरवे ३, जांभळे १: बाकी १, ०, १, म्हणजे पत्ता हिरवा. एक-एक आकृतीचे २, दोनचे २, तीनचे ४: बाकी २, २, १, म्हणजे तीन आकृत्या. चौकट ३, लंबगोल ३, नागमोडी २: नागमोडी. भरीव ५, रेघांचे २, पोकळ १: पोकळ. तीन हिरव्या पोकळ नागमोडी आकृत्या, असं जाहीर करून पत्ता उलटवायचा. बाकी २ नंतर ० येते हे विसरलं की घोळ होतो: २, २, १ यात एकने कमी १ आहे, तर ०, ०, २ यात एकने कमी २ आहे. आणि मधे एकही चुकीचा सेट उचलला गेला तर जादू फसते, म्हणून प्रत्येक सेट तपासूनच बाजूला ठेवा.

पाचच मिनिटं असतील तर सेट नसलेले तीन पत्ते घ्या. एक डाव्या वरच्या कोपऱ्यात, एक त्याच्या उजवीकडे, एक त्याच्या खाली. वरची ओळ आणि डावा स्तंभ पुरे करा, मग दोन नव्या कोपऱ्यांवरून मधला पत्ता ठरवा, मग बाकीचे. तीन गुणिले तीनचा चौरस तयार होतो आणि त्यात ओळी, स्तंभ, कर्ण, तुटक कर्ण (एका कडेबाहेर जाऊन समोरच्या कडेने पुन्हा आत येणारे) धरून बारा सेट निघतात. नियम समजावायला याहून चांगला रस्ता नाही.

नवख्यांसाठी पूर्ण गड्डी काढू नका. फक्त भरीव २७ पत्ते घ्या आणि बाराऐवजी नऊच मांडा: सरासरी ३.३६ सेट मिळतात. बारा मांडले तर ८.८ निघतात आणि शोधण्यात दम राहत नाही. या लहान गड्डीत सेट नसलेले नऊच पत्ते शक्य आहेत, म्हणून दहावा टाकला की सेट हमखास येतो.

तक्रारी आहेतच. सेट वेगाचा खेळ असल्यामुळे एक सराईत आणि तीन नवखे बसले की नवखे अर्ध्या तासात उठतात. अशा वेळी सराईताने सेट दिसल्यावर मनात दहा मोजावेत, किंवा सगळ्यांनी मिळून टेबलावरचे सगळे सेट मोजायचा खेळ खेळावा. पत्ता हरवला तर डॉबलसारखी सुटका नाही, ४० सेट एका फटक्यात जातात. हरवलेला ओळखणं मात्र सोपं: प्रत्येक गुणात २७ ऐवजी २६ कुठे भरतात ते बघायचं आणि कोऱ्या पत्त्यावर तो काढायचा. सगळ्यात मोठा दोष रंगांचा आहे. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणाऱ्याला हा डबा आहे तसा खेळताच येत नाही. हिरव्या पत्त्यांच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत पेनाने छोटा ठिपका द्यावा. एकाच कोपऱ्यात दिला तर पत्ता उलटा धरल्यावर तो हाताखाली लपतो.